तांबडी भिंत

समुद्रात पत्ता कसा सांगायचा?
बाबा सांगायचा तो असा:
चर्चचं टोक डोंगराच्या खांद्यामागून
वीतभर बाहेर येऊ दे,
आणि उजवीकडे
गुनवोरच्या होडीघराची तांबडी भिंत
काळ्या खडकाला टेकू दे.
टेकली? इंजिन बंद. सोड गळ.
चाळीस वाव.

आणि चाळीस वावांवर कॉड असायचाच,
भाडं भरून राहिल्यासारखा.

मी नऊ वर्षांची. हेल्गेलांडचा मार्च. नाक गळतंय,
एक डोळा मिटून मी दोन रेषा जुळवतेय.
चुकले तर बाबा रागवायचा नाही.
रिकामा गळ वर ओढायला लावायचा.
हाताने. चाळीस वाव.

अशा बावीस जागा होत्या त्याच्याकडे,
कागदावर एकही नाही.
एक तर म्हणे ओलुफच्या गाईवर होती,
दुपारी ती एकाच उंचवट्यावर उभी राहायची म्हणून.
गाय मेली, जागा गेली.
हे खरं की थट्टा, मला आजवर कळलेलं नाही.

आता होडीत पडदा आहे.
सहासष्ट अंश, मग टिंब, मग आकड्यांची शेपटी.
धुकं असो, काळोख असो,
बोट टेकवायचं, होडी आपली आपण जाते
आणि जागेवर थबकते, शिकवलेल्या कुत्र्यासारखी.
खोटं कशाला बोलू,
बाबाने जन्मभरात धरले नसतील एवढे मासे
मी गेल्या सहा हिवाळ्यांत धरले.
आणि टोर्गर काका धुक्यात गेला तो गेलाच,
त्याच्या होडीत हा पडदा असता तर
आज आमच्या टेबलाशी बसून
कॉफीला नावं ठेवत असता.

दर जूनमध्ये बाबा
डबा आणि ब्रश घेऊन गुनवोरकडे जायचा.
दोन दिवस तिची भिंत रंगवायचा,
फक्त एकच, समुद्राकडची.
गुनवोरचा नवरा कधीच वारलेला.
गावाने जो काढायचा तो अर्थ काढला.
आई काही बोलायची नाही,
त्या दोन दिवसांत भांडी तेवढी जोरात आपटायची.

बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात
गुनवोरने मला धक्क्यावर गाठलं.
म्हणाली, यंदाही कुणी आलं नाही रंगवायला.
सव्वीस वर्षं यायचा आयलर्ट.
मी कधी विचारलं नाही का म्हणून.
मला आपलं वाटायचं...
आणि थांबली.
एक्याऐंशी वर्षांचे ते गाल
जुन्या भिंतीच्या रंगाचे झाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
सांगितलं असतं तर जागा फुटली असती.
म्हणून त्याने बदनामी पत्करली,
बायकोची आदळआपट ऐकली,
आणि चाळीस वाव पोटात ठेवून गेला.

गुनवोरला मी काय सांगणार होते?
म्हटलं, त्याला तो रंग आवडायचा.
ती म्हणाली, हो ना.
आणि काठी टेकत घराकडे गेली,
जरा ताठ.

दुसऱ्या दिवशी तिथे पोचल्यावर मी पडदा बंद केला.
चर्च होतं. डोंगर होता.
भिंत कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतो
ते काही केल्या दिसेना,
दोघांचा एकच राखी रंग.
पाच मिनिटं डोलत राहिले.
मग पडदा पुन्हा लावला. मासे घ्यायचे होते.

दुकानदाराने विचारलं, तांबडा कुठला?
यादीत सतरा आहेत.
म्हटलं, समुद्रातून दिसेल असला.

घरी आईने डबा पाहिला.
काही बोलली नाही.
थोड्या वेळाने स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं,
बहुधा आपलं आपणच.